चाकांवरचे घर आणि दाराबाहेरचा बंब

मनालीहून लेहकडे जाणारी वाट आता पूर्वीइतकी दुर्गम राहिलेली नाही. रोहतांगखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. या वाटेवर कधीकधी एक निराळेच वाहन दृष्टीस पडते. आत बिछाना, चूल आणि पाण्याची टाकी. असे हे चाकांवरचे घर. त्यास ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात.

वाचकहो, मुलाबाळांसह अशा घरातून लडाख पाहण्याचा बेत आपण करीत असाल, तर स्नानाच्या पाण्याचा विचार आधीच केलेला बरा. सरचूच्या माळावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, उन्हाळ्यातही पहाटेचे पाणी हाताला झोंबते. दिवसभराची धूळ अंगावर घेऊन मुले निजावयास आली, म्हणजे एक बादली ऊन पाणी हीच मोठी चैन वाटते.

ते तापवावे कशावर? दहा लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यावयाचे, तर सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ती घेतली, तर शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकाच बादलीत संपतो. तेवढ्याच कामास गॅस मात्र चाळीसएक ग्रॅम पुरतो. म्हणून बहुतेक प्रवासी लहान गॅस गीझर पसंत करतात.

त्याची मांडणी सोपी आहे. टाकीतील पाणी एक छोटा विजेचा पंप उचलतो. ते गीझरमधील तांब्याच्या नळीतून ज्वाळेवरून फिरते आणि रबरी नळीवाटे बाहेर पडते. आपल्या घरचा तांब्याचा बंब आठवून पाहावा. मध्ये विस्तव, भोवती पाणी, वर धुराडे; तत्त्व तेच आहे. आणि त्या बंबाप्रमाणेच हाही मोकळ्या हवेत असावा, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

याचे कारण नीट समजून घ्यावे. सरचूच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन पंचमांश एवढाच असतो. प्राणवायू कमी पडला की गॅस अपुरा जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या लावून गाडीत गीझर पेटविला, तर झोपलेले माणूस झोपेतच दगावू शकते. तेव्हा गीझर गाडीच्या बाहेरच्या अंगास आकड्यावर टांगावा, उघड्या खिडकीपासून दूर. सिलिंडरही बाहेर, उभाच ठेवावा. सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती पाहावी. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली तर गीझर तत्काळ बंद करावा. काम संपताच सिलिंडरची चावी फिरविण्यास विसरू नये.

रात्री आणखी एक दक्षता घ्यावी. पाणी गोठताना सुमारे एक-अकरांश फुगते आणि तांब्याची नळी सहज फोडते. म्हणून निजण्यापूर्वी गीझरमधील पाणी पूर्णपणे काढून टाकावे.

सांडपाण्याचाही विसर पडू नये. लेहला वर्षाकाठी सुमारे दहा सेंटिमीटरच पाऊस पडतो. तेथील शेते वितळत्या बर्फाच्या पाटांवर जगतात. तोच पाट खालच्या गावात पिण्यासही लागतो. साबणाचे पाणी पाटात, ओढ्यात वा सरोवरात कदापि सोडू नये. ते घमेल्यात साठवावे आणि काठापासून निदान शंभर पावले दूर कोरड्या जमिनीत मुरू द्यावे. एक बादली चौघांत कशी पुरवावी, हे मुलांना शिकविण्यास याहून चांगली शाळा नाही.

आणि लेहहून सिंधूच्या काठाकाठाने आग्नेयेस गेलात, तर चुमाथांग लागेल. तेथे नदीच्या काठीच भूगर्भातून ऊन पाण्याचे झरे वर येतात. काही तर इतके कढत, की थंड पाणी मिसळल्यावाचून अंगावर घेता येत नाहीत. त्या दिवशी आपला बंब खोक्यातच राहू द्यावा.