वाळा, केवडा आणि जबलपूरचा चैत्र

जबलपूरला जाणारा प्रवासी बहुधा भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात पाहतो, ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदेच्या आरतीस उभा राहतो आणि परततो. त्यात गैर काही नाही. परंतु एखादा दिवस हाताशी असेल, तर बडा फुहारा ते कमानिया गेट हा जुन्या बाजाराचा रस्ता आपण पायी चालून जावा, असे मी सुचवीन. १९३९ साली शहराजवळ त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून ही कमान उभी आहे. तुपात तळल्या जाणाऱ्या खव्याच्या जिलबीचा खमंग वास, झेंडूच्या ओल्या माळा, उदबत्त्यांचे गठ्ठे, यांतून वाट काढीत पुढे गेले की एखाद्या लहानशा अत्तराच्या दुकानापाशी पाऊल आपोआप मंदावते.

मागील वर्षी चैत्रात मी तेथे गेले, ती मात्र ठरवून. जबलपुरात माझी आत्या राहते. या शहराशी मराठी माणसांचा संबंध जुना आहे. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. १८७० मध्ये मुंबई व कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग येथेच सांधला गेला. कोणी राज्यकारभारामागे, कोणी रेल्वेच्या नोकरीमागे येथे आले आणि येथलेच झाले. अशा घरांतून चैत्रगौरीचे हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हे अजून आहेत. यंदाच्या हळदीकुंकवासाठी अत्तर निवडण्याचे काम आत्याच्या सुनेने मजवर सोपविले आणि एकच अट घातली, “आईंना आवडेल असं आणा.”

अट ऐकावयास सोपी. पण आत्याला वैधव्य येऊन वीस वर्षे झाली होती आणि तेवढ्या काळात तिच्या हाताला कोणी अत्तर लावले नव्हते. घरातले हळदीकुंकू ती स्वयंपाकघरातून, पन्ह्याचे पेले भरीत पाहत असे.

दुकानदार वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांनी प्रथम उजव्या मनगटावर आतील बाजूस काचेच्या काडीने एक थेंब टेकविला. मी मनगटावर मनगट घासणार, तोच त्यांनी थांबविले; घासल्याने अत्तर बिघडते, असे त्यांचे म्हणणे. दुसरा थेंब डाव्या मनगटावर, तिसरा कोपराच्या लवणीत. चौथा मात्र ते लावीनात. म्हणाले, “बहनजी, आज कुछ मत लीजिए. रात को सूँघिए, कल आइए.” व्यापाऱ्याच्या तोंडी ही भाषा दुर्मिळच. पण ती शास्त्राला धरून आहे. नाक लवकर थकते आणि तीन-चार वासांनंतर त्याला भेद कळेनासा होतो. शिवाय काही द्रव्ये काही मिनिटांत उडून जातात, काही तासन्‌तास रेंगाळतात. म्हणून बाटलीशी आलेला वास आणि निजतेवेळी मनगटावर उरलेला वास ही दोन वेगळी अत्तरे वाटावीत, इतका फरक पडतो. एकच अत्तर दोन माणसांच्या अंगावर सारखे येत नाही, ते निराळेच. वाचकहो, दुसऱ्याच्या हाताचा वास घेऊन आपण कधी अत्तर घेऊ नये. आणि त्वचा नाजूक असेल तर पहिल्या दिवशी एका थेंबावरच थांबावे.

अशा रीतीने तीन दिवस मी त्या दुकानाच्या पायऱ्या चढले.

गुलाब सर्वांना आवडतो, म्हणून मी तो प्रथम बाजूला ठेवला. वास्तविक खऱ्या गुलाबाची किंमत ऐकली की तो आपोआपच बाजूला पडतो. किलोभर तेलासाठी तीन ते पाच टन फुले लागतात. हिना उबदार, मसालेदार. पौषातल्या थंडीत, शालीखाली ती शोभेल, चैत्राच्या उन्हात जड होते. मोगऱ्याचे अत्तर गोड खरे, परंतु ज्या घरी संध्याकाळी ओंजळभर ताजा मोगरा येतो, तेथे ते फुलाच्या सावलीसारखे वाटते. केवडा मुख्यतः ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून येतो. त्याचा वास सगळ्यांच्या आधी खोलीत शिरतो आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर पडतो.

मग आले मातीचे अत्तर. याची कृती कनौजची. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालून झाकण ओल्या मातीने लिंपतात आणि खाली विस्तव करतात. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्याला भपका म्हणतात. त्यात चंदनाचे तेल असते आणि ते वास धरून ठेवते. पहिल्या पावसाच्या या गंधावर दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, इझाबेल बेअर व रिचर्ड थॉमस यांनी, १९६४ मध्ये निबंध लिहिला आणि त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कनौजच्या अत्तरवाल्यांनी तो त्यापूर्वीच बाटलीत भरला होता. अत्तर मला अतिशय आवडले. तरीही ते कनौजच्या मडक्याचे आहे, मदनमहालच्या काळ्या कातळांवर आषाढात उठणाऱ्या वासाचे नव्हे, असे राहून राहून वाटले.

चंदनाच्या तेलाचा उल्लेख केला तो पुष्कळसा भूतकाळातला समजावा. झाडाच्या गाभ्यात तेल भरावयास दशके लागतात, झाडे कमी झाली, तेल फार महागले. आज स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी बहुधा द्रवरूप पॅराफिन असते. कागदावर डाग राहिला तर अत्तर खोटे, अशी एक परीक्षा सांगतात. ती भरवशाची नाही, कारण चंदनाच्या तेलाचा डागही लवकर उडत नाही. किंमत विचारावी, आधार कशाचा आहे ते सरळ विचारावे, आणि उत्तर देताना दुकानदार अडखळला तर पुढच्या दुकानी जावे. आमच्या वृद्ध गृहस्थांनी पॅराफिनच्या बाटल्या वेगळ्या फळीवर ठेवल्या होत्या आणि तसे सांगितलेही.

सर्वांत शेवटी त्यांनी खस दिला. तोच आपला वाळा. हिंदीत खस म्हटले की डोळ्यांपुढे उन्हाळ्यातल्या ओल्या ताट्या येतात. मराठीत वाळा म्हटले की माठातल्या पाण्यात बुडालेली मुळ्यांची जुडी. भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय असल्याने अशा जागी मी थबकते. मराठीत कुबट, खवट, आंबूस, करपट, उग्र असे नकोशा वासांचे शब्द उदंड आहेत. चांगल्या वासांसाठी मात्र आपण त्या वस्तूचेच नाव घेतो. वाळ्याच्या वासाला वाळ्याचाच म्हणावे लागते. मातकट, हिरवट, आणि खाली कोठेतरी धुराची एक रेघ.

पाच फाये कागदाच्या पुड्यांत घालून मी घरी आणले व आत्यापुढे ठेवले. तिने आधी नको म्हटले, मग चष्मा काढून ठेवून एकेक हुंगला. “हा केवडा फार बोलतो ग. माझ्या आईच्या ट्रंकेत लुगड्यांत त्याचं पान असे, तेवढंच बरं.” हिना तिने परत केली. वाळा तिने हातात ठेवला, बराच वेळ. “यांची कोर्टातून यायची वेळ झाली की मी ताट्यांवर पाणी मारी,” एवढेच म्हणाली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांविषयीच्या जुन्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, हे आपण वाचलेच असेल. जबलपूरच्या त्या घरात ठराव वगैरे काही झाला नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी बायका जमल्या, सून अत्तरदाणी घेऊन उठली आणि सरळ स्वयंपाकघराकडे वळली. आत्याने हात पदराखाली घेतला. “मला कशाला ग?” सुनेने तो हात हलकेच बाहेर काढला आणि मागच्या बाजूस वाळ्याची एक रेघ ओढली. बैठकीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग आत्याच्याच वयाच्या एक बाई म्हणाल्या, “मलाही लाव. आणि पन्हं इकडे आण, आम्ही केव्हाच्या बसलोय.”

उरलेली बाटली सुनेने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याच्या उशाशी, चष्म्याच्या घरापाशी दिसली.