आंधळी जागा

“आजोबा, मी पुन्हा मेलो!”

अशी आरोळी ज्या घरात दिवसातून चार वेळा उठते, त्या घरातल्या वृद्धाने वामकुक्षी घ्यावी तरी कशी? मरणारा वीर म्हणजे माझा बारा वर्षांचा नातू. संगणकावर लढाऊ विमान उडवण्याचा छंद त्याला जडला आहे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जी घनघोर हवाई लढाई झाली, तीत हा रोज आपले स्पिटफायर घेऊन उतरतो आणि रोज कोणीतरी जर्मन वैमानिक त्याला पाठीमागून पाडतो.

एके दिवशी झोपेचा नाद सोडून मी त्याच्याशेजारी खुर्ची ओढली. पडद्यावर स्पिटफायरचे कॉकपिट होते. समोर विमानाचे लांबलचक नाक, बाजूंना पसरलेले पंख, काचेच्या छताला तोलून धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि मागे वळावे तर डोक्यामागचा चिलखती पत्रा! आकाश एवढे विशाल. पण यांतून दिसायचे ते तुकड्यातुकड्यांनी. “खऱ्या वैमानिकांना एवढे कमी दिसत असेल का हो?” नातवाने विचारले. मी आयुष्यभर प्रश्नांची उत्तरे दिली. त्या दिवशी मात्र चष्मा पुसत बसलो.

उत्तर मिळाले ते माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर. एका डोळ्यावर पट्टी होती. खिडकीबाहेर शेवग्याच्या फांदीवर साळुंकी येऊन बसे आणि मधल्याच एका गजाआड नाहीशी होई. पट्टी निघाली, आणि तीच साळुंकी, तोच गज. पण साळुंकी दिसेनाशी होईना! तुम्हीही करून पाहा. हात लांब करून पेन्सिल उभी धरा आणि एक डोळा मिटून दूरचा दिव्याचा खांब तिच्याआड लपवा. आता दुसरा डोळा उघडा. आपल्या डोळ्यांत सुमारे सहा सेंटीमीटरांचे अंतर असते. त्याहून अरुंद पट्टीआडची दूरची वस्तू एका डोळ्याला दिसली नाही, तरी दुसऱ्याला दिसते. संगणकाच्या साध्या पडद्यावरचे चित्र मात्र एकाच बिंदूतून पाहिलेले असते. खेळातला वैमानिक एकाक्ष असतो!

मग आम्ही दोघे त्या एकाक्षाच्या सेवेस लागलो. खेळात दृष्टीचा कोन बदलता येतो. तो वाढवला तर आकाश पुष्कळ दिसू लागले, पण दूरचे विमान तिळाएवढे झाले. कमी केला तर विमान ठळक झाले आणि दोन्ही बाजू नाहीशा झाल्या. अखेर शोधताना रुंद आणि नेम धरताना अरुंद, अशा दोन कळा नेमून दिल्या. खरा लाभ झाला तो डोके सरकवण्याने. वीतभर डावीकडे कलले की पट्टीआडचा आकाशाचा तुकडा बाहेर येई. मागे पाहायचे तर नुसती मान वळवून भागत नाही. आधी बाजूला झुकावे, मग वळावे. एस.टी.च्या खिडकीतून डोके बाहेर काढू नये, हे मी मुलांना जन्मभर सांगितले. कॉकपिटात मात्र मीच “आणखी झुक, आणखी झुक,” असे ओरडत होतो.

खऱ्या वैमानिकांची धडपडही हीच होती. स्पिटफायरच्या काचेवर पुढे आरसा बसवला गेला. सपाट छत फुगीर झाले, त्यामुळे डोके बाजूला नेण्यास जागा मिळाली. अमेरिकेच्या मस्टँग विमानाचा जो नमुना १९४४ साली लढाईत आला, त्याची तर पाठच खाली उतरवून वर बुडबुड्यासारखे छत बसवले होते. सतत मान वळवून कातडी सोलू नये म्हणून वैमानिक गळ्यात रेशमी रुमाल बांधत. मी तो शौक समजत होतो!

तरी शेपटीखालची जागा आंधळी ती आंधळीच. म्हणून ब्रिटिश तुकडीच्या मागे एखादे विमान नागमोडी फिरत पहारा करी. पण त्या पहारेकऱ्याच्या मागे कोण? पुष्कळदा तोच आधी पडे आणि पुढच्यांना ते कळतही नसे.

हे सांगताना मी थांबलो. आमच्या शाळेतल्या एका वर्गात मधोमध खांब होता. त्याच्याआड एक मुलगा बसे. वर्षअखेरीस अनुत्तीर्णांच्या यादीत त्याचे नाव वाचताना मला त्याचा चेहरा आठवेना. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. वर्षभर मी टेबलापाशी उभा राहून शिकवले होते. दोन पावले बाजूला सरकलो असतो, तर तो दिसला असता.

“मग पुढे काय केलं त्यांनी?” नातवाने विचारले.

जर्मन वैमानिक जोडीने उडत. एकमेकांपासून बरेच दूर राहून प्रत्येकजण दुसऱ्याची पाठ पाही. ब्रिटिशांनीही पुढे तीच रीत उचलली. हे ऐकताच त्याने नागपूरच्या मित्राला दूरध्वनी केला. आता दोघे जोडीने उडतात.

काल दुपारी पुन्हा आरोळी आली. पण आवाज रडवेला होता.

“आजोबा, तो मेला! माझंच लक्ष नव्हतं!”

मी उठलो आणि खुर्ची ओढली.