पिशवी, उचल आणि खाडा

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जातात, हे 2019 साली गाजलं तेव्हा माझं मत ठाम होतं : चार लोभी डॉक्टर तुरुंगात टाका, प्रश्न मिटेल. सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले. पाहणी 82 हजारांवर महिलांची, आणि पिशवी काढलेल्या 13 हजारांहून अधिक. तरीही माझा राग दवाखान्याच्या दारातून पुढे सरकला नाही.

मत फिरलं ते ऊसतोडीचा हिशेब समजून घेतल्यावर. फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मजूर पुरवणारा मुकादम उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, ती ऊस तोडून फेडायची. एक दिवस बुडला की खाडा : मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. बाई पाळीत आडवी झाली तर अख्खा कोयता थांबतो. मुक्काम कोपीत, तिथे न्हाणी नाही, संडास नाही. पहाटेपासून डोक्यावर मोळ्या, अपरात्री गाडी भरायची. मग अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. फडातून सरकारी दवाखाना गाठायचा तर पुन्हा खाडा. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, "पिशवी काढून टाका" म्हणतो. ऑपरेशनला कर्ज, आणि कर्ज फेडायला पुढच्या हंगामाची उचल. दर पाळीला दंडाची धास्ती असलेली बाई डॉक्टरला 'हो' म्हणते, यात तिचं अडाणीपण मला आता दिसत नाही.

डॉक्टरांना मी सोडून देत नाही. बीडच्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, ते योग्यच. पण त्या कागदाने फडात पाणी येत नाही. साखर कारखाना 'मजूर ही मुकादमाची माणसं' म्हणत हात वर करतो. सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार महामंडळ काढलं. पण मजुरांचं कल्याण महामंडळाकडे आणि मजुरीचे नियम मुकादमाच्या वहीत, अशी वाटणी असेल तर बाईच्या हाती काय लागणार?

दर हंगामात कारखान्यांना गाळप परवाना सरकारच देतं. फडावर पाणी-संडास आणि पाळीच्या दिवसांत दंडाविना सुट्टी, या अटी त्या परवान्यातच घाला. पाळत नसेल त्या कारखान्याचं धुराडं पेटू देऊ नका.