घरजावई

'इनलाइन' हा शब्द मी घरात प्रथम उच्चारला तेव्हा रेशनच्या रांगेचं काहीतरी असेल, असं समजून सौ.ने पिशवी पुढे केली. मग समजावून सांगणं आलं.

"हे बघ, एक फंक्शन दुसऱ्याला काम सांगतं, तेव्हा हातातलं सामान बाजूला ठेवायचं, परतीचा पत्ता गाठीला बांधायचा, तिकडे जायचं, काम उरकून परत यायचं. दोन ओळींच्या कामासाठी एवढा प्रवास! त्यापेक्षा त्या फंक्शनचा मजकूरच इथं उतरवून घ्यायचा."

"म्हणजे घरजावई," सौ. म्हणाली.

एवढी सुटसुटीत व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती.

पाण्याच्या मीटरमधल्या चिमुकल्या चिपसाठी मी प्रोग्राम लिहीत होतो. जागा ३२ किलोबाइट. वेग हवा म्हणून दिसेल त्या फंक्शनपुढे 'इनलाइन' लिहून मोकळा झालो. पण जीसीसी हा कंपायलर त्या शब्दाला आमच्या घरात माझ्या मताला आहे तेवढीच किंमत देतो. ऐकून घेतो आणि स्वतःला हवं तेच करतो. 'डॅश डब्ल्यू-इनलाइन' लिहिलं तर "तुमचं ऐकलं नाही बरं का," एवढं कळवतो, हा त्यातल्या त्यात सभ्यपणा. 'एफ-इनलाइन-फंक्शन्स' हा पर्याय पूर्वी 'ओ-थ्री'बरोबर यायचा. २०२० च्या १० व्या आवृत्तीपासून 'ओ-टू'बरोबरही येतो. म्हणजे 'इनलाइन' न लिहिलेली फंक्शनंही तो आपल्या अकलेनं आत घेतो!

मी चिडलो. 'ऑलवेज-इनलाइन' हे सक्तीचं हत्यार काढलं आणि सरसकट चालवलं. त्यातल्या एका फंक्शनला अठरा ठिकाणांहून बोलावणं होतं. अठरा घरी अठरा जावई, सगळे धिप्पाड! प्रोग्राम ४१ किलोबाइट झाला. लिंकरनं हात वर केले. रात्रीचे बारा वाजलेले आणि सकाळी दहाला मीटर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. बिलाचे पैसे त्यावर, आणि दिवाळी बिलाच्या पैशांवर.

निमूटपणे सक्ती उठवली. आकार आवरणारा 'ओ-एस' लावला. त्या अठरा घरच्या पाहुण्याला 'नो-इनलाइन' असं बजावून स्वतःच्या घरी बसवलं. एकाच ठिकाणाहून बोलावणं असलेली 'स्टॅटिक' फंक्शनं तेवढी कंपायलरनं आपणहून आत घेतली. त्यांची मूळ प्रत वेगळी उरत नाही, त्यामुळे जागेचाही भुर्दंड नाही. आकडा आला २९.

दिवा मालवताना सौ. जागीच होती.

"गेले का घरजावई?"

"गेले. थोडे राहिलेत."

"एकुलत्या एक मुलींचे असतील," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.