सुण्याचा वाटा

डिचोली-पेडण्याकडील जुन्या घरांचे वर्णन करताना आपण तुळशीवृंदावन, विहीर, लाकडी खांब, देवघर या साऱ्यांची नोंद घेतो. पायरीवर पाय पसरून पडलेल्या कुत्र्याची नोंद सहसा कुणी घेत नाही. वास्तविक तो प्रत्येक घरी असे. त्याला कुणी विकत आणलेले नसे, त्याची जात कुणी विचारलेली नसे आणि तो गेला तर दुसरा त्याच पायरीवर आपणहून येऊन बसे. कोकणीत त्याला सुणो म्हणतात. जुन्या मराठीतही सुणें हाच शब्द होता आणि संस्कृत श्वानाशी त्याचे कूळ जुळते. नाव एवढे प्राचीन असूनही प्राण्याची जागा उंबऱ्याबाहेरच राहिली.

आपल्या परंपरेने कुत्र्याला मान दिला नाही असेही म्हणता येत नाही. पितृपक्षात गाय आणि कावळा यांच्याबरोबर श्वानाचाही वाटा पानावर काढला जातो. साखळीच्या दत्तमंदिरात आपण हात जोडतो तेव्हा दत्तप्रभूंच्या पायाशी चार कुत्री असतात आणि ते चार वेद आहेत असे आपण मुलांना सांगतो. कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जायचे नाकारणारा धर्मराज तर सर्वांच्याच परिचयाचा. तथापि, वेदांचे रूप मानलेल्या त्या प्राण्याच्या अंगावरची गोचीड काढावी, असे मात्र आमच्या लहानपणी कुणाला सुचले नाही. वाटा काढण्यापाशी आपले कर्तव्य संपत असे.

याला एक कारण होते, आणि ते भय हे होते. आमच्या बालपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, वाड्यावरील एका शेतमजुराला कुत्रे चावले. जखमेवर चुना आणि तिखट लावले गेले, मंत्र घातले गेले, जखम भरलीही. पुढे दोन महिन्यांनी त्या माणसाला पाण्याचा पेला समोर धरताच घशाला कळ येऊ लागली. त्यानंतरचे तीन दिवस आमच्या पिढीतील त्या वाड्यावरील कुणीही विसरलेले नाही. दारे बंद करून आम्हां मुलांना आत बसविले होते. पण आवाजाला दार नसते. त्या वर्षी गावातील दिसेल ते कुत्रे मारले गेले. आमच्या पायरीवरचेही.

त्या काळी लस नव्हती असे नाही. पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला पहिली मात्रा दिली होती आणि आपल्या देशात कुन्नूरची पाश्चर संस्था १९०७ पासून काम करीत होती. परंतु खेड्यातील माणसाला ठाऊक होती ती बेंबीभोवती घ्यावयाची चौदा इंजेक्शने. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस सेंपल यांच्या नावाने ओळखली जाई. तिच्या वेदनांच्या कथा रोगाच्या कथांइतक्याच पसरल्या होत्या आणि त्या भीतीपोटी लोक मांत्रिकाकडे जात. ती लस देशात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात घ्यावयाच्या मोजक्या सुया पुरतात. चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विलंब न करता दवाखाना गाठणे, एवढे केले तर मनुष्य वाचतो. लक्षणे उमटल्यानंतर मात्र उपाय उरत नाही. आणखी एक गोष्ट सांगून ठेवावीशी वाटते. पिसाळलेले कुत्रे नेहमी धावून येतेच असे नाही. रोगाचे एक मुके रूपही असते. त्यात जनावर कोपऱ्यात बसते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात काटा अडकला असावा असे वाटून घरचा दयाळू माणूसच तोंडात हात घालतो.

गोव्याने या बाबतीत जे केले त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम हाती घेतली. जाळी घेतलेली पथके गावोगाव, वाड्यावाड्यांवर फिरू लागली. पाळीव असो वा मोकाट, कुत्र्याला लस टोचून अंगावर रंगाची खूण करावयाची आणि नोंद भ्रमणध्वनीवर घ्यावयाची, अशी पद्धत. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, हे या कामामागचे गणित. जून २०२१ मध्ये शासनाने गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य असल्याचे जाहीर केले, तेव्हा सलग तीन वर्षे एकही माणूस या रोगाने दगावलेला नव्हता. २०२२ साली नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. चाळीस वर्षे सरकारी कागद पाहिलेल्या आम्हांला असे आकडे क्वचितच वाचायला मिळाले. मात्र आपले दोन्ही तालुके सीमेवरचे. तेरेखोलपलीकडे सिंधुदुर्ग आणि डिचोलीला लागून दोडामार्ग. कुत्र्याला चेकनाका ठाऊक नसतो. म्हणून दरवर्षीची लस चुकवता कामा नये, ती आपल्याकडे तर मुळीच नाही.

आमच्या घरी खंड्या आला तो या मोहिमेच्या थोडा आधी. गावठीच, तांबूस अंगाचा, एक कान मोडलेला. सरकारी नोकरीने आम्हांला एक सवय लावली आहे; जे येईल त्याची नोंदवही उघडायची. खंड्याचीही उघडली. दीड-दोन महिन्यांचा असताना पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणखी मात्रा, तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची, जंताचे औषध लहानपणी दर पंधरवड्याला व पुढे महिन्याला, दर तिमाहीचे वजन. आमच्या सौभाग्यवती हसत. 'निवृत्तिवेतनाचा कागद तेवढा राहिला' म्हणत. परंतु त्या वहीनेच एकदा त्याला वाचविले. एका श्रावणात त्याचे वजन दोन किलोंनी उतरलेले दिसले. एरवी तो शेपूट हलवीतच होता. ओठ उचलून पाहिले तर हिरड्या पांढुरक्या. पशुवैद्यांनी रक्त तपासले, गोचिडांचा ताप निघाला. आठवडाभर उशीर झाला असता तर आशा नव्हती, असे ते म्हणाले. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात, हे ज्ञान विनामूल्य आहे आणि ते प्रत्येक घरात असावे.

गोचीड ही आपल्या चिरेबंदी घरांची खास व्याधी. कुत्र्याच्या अंगावरची तांबडी गोचीड रक्त पिऊन गळून पडते आणि चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भिंतीच्या भेगा आणि त्याची गोणपाटाची गादी यांचाही समाचार घ्यावा लागतो. अंगावर रॉकेल किंवा फिनेल ओतणे हा जुना उपाय केवळ क्रूर आहे. त्याने कातडी भाजते आणि चाटले तर विष पोटात जाते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. काजूच्या बागांत कुत्र्याला बरोबर नेणाऱ्यांनी स्वतःचेही पाय तपासावेत. सत्तरीतील पाळी गावात २०१५ साली आणि पुढच्याच वर्षी दोडामार्गात जो माकडताप आला, तो रानगोचिडींचाच प्रसाद होता. पावसाळ्यातील दुसरा धोका उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्याचा. लेप्टोची लस कुत्र्यांनाही असते.

खाण्याविषयी आपल्याकडे एक समज पक्का आहे. घरात उरले ते कुत्र्याचे. उकड्या तांदळाचा भात, त्यावर कालचे हुमण आणि बांगड्याचे डोके. भाताला आमची हरकत नाही. गावठी कुत्र्याच्या हजारो पिढ्या माणसाच्या धान्यावर वाढल्या आहेत. हरकत आहे ती हुमणातील मीठ-मिरचीला आणि कांद्याला. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेटही त्याला विषासमान. मनुका घातलेला प्रसादाचा शिरा त्याला मायेने भरविणारी आजी त्याचे भले करीत नसते. शिजवलेल्या हाडांचे तुकडे आतड्यात रुततात. आमच्याकडे फोडणीपूर्वीच त्याचा भाग वेगळा निघे. भात, पातळ वरण, काटे काढलेले तारले किंवा उकडलेले अंडे, थोडा लाल भोपळा. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, आणि पाणी सदैव. हात फिरवल्यावर बरगड्या लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, हे मोजमाप कोणत्याही तराजूहून सोपे. पितृपक्षातील त्या पानाचा अर्थ आम्हांला येथे उमगला. वाटा म्हणजे उरलेले नव्हे. वाटा आधी काढायचा असतो.

उत्सवांचे दिवस कुत्र्याला परीक्षेचे जातात. चवथीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे कर्णे आपल्याला झोपू देत नाहीत, तेथे आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण कान असलेल्या प्राण्याची काय कथा. खंड्या तेव्हा कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपामागे शिरे. दार लोटून, पंखा लावून, जवळ एक माणूस बसला की त्याचे थरथरणे थांबे. त्यावर औषध लागत नसे. रात्री त्याला बाहेर बांधून ठेवण्याची रीतही आम्ही सोडली. आपल्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात आणि तो कुंपणापर्यंत येतो. अकोले परिसरात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा हिस्सा पाळीव व मोकाट कुत्र्यांचाच आढळला. साखळीने बांधलेले कुत्रे राखण करीत नाही, ते आमिष होते.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर पेडण्याचे. तिकडे किनाऱ्यावर निराळाच प्रश्न उभा आहे. हरमल, मांद्रे, मोरजी येथे हंगामात पर्यटक व खानावळवाले कुत्र्यांना खाऊ-पिऊ घालतात, नावे ठेवतात, गळ्यात पट्टे बांधतात. मे महिना सरला की झोपड्या उतरतात, माणसे जातात आणि जूनच्या पावसात ती जनावरे रिकाम्या वाळूवर वाट पाहत बसतात. मोकाट टोळ्या मोरजीच्या वाळूतील सागरी कासवांची घरटीही उकरतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नेमून दिलेल्या जागीच कुत्र्यांना अन्न घालावे असे म्हटले, तेव्हा वृत्तपत्रांत मोठा वाद झाला. आमचे म्हणणे त्याहून साधे आहे. सहा महिने अन्न घालून सहा महिने पाठ फिरवणे याला भूतदया म्हणता येणार नाही.

खंड्या अकरा वर्षांचा होऊन गेला. शेवटच्या वर्षी त्याला जिना चढवेना, डोळ्यांत सारा आला. पण वहीतील नोंदी आम्ही खंडू दिल्या नाहीत. सांधे दुखतात म्हणून आपल्या डब्यातील वेदनाशामक गोळी त्याला देण्याचा सल्ला अनेकांनी दिला. माणसाच्या अशा गोळ्या कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला मारक ठरतात, म्हणून तो आम्ही मानला नाही. फणसाच्या झाडाखाली त्याला ठेवले त्यानंतर चार महिने आमच्या अंगणात अनोळखी पाऊल कधी वाजले ते आम्हांला कळत नसे.

मग जो तो पिल्लू घेऊन येऊ लागला. येथे आम्ही थबकलो. आमचे वय पासष्टीच्या पुढे. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशी. आज आणलेले पिल्लू तेरा-चौदा वर्षे जगेल. तेव्हा आम्ही उभयता असू काय, आणि असलो तरी त्याला उचलून दवाखान्यात नेण्याचे बळ हातांत असेल काय? हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाही. आपल्या तालुक्यांतील कितीतरी मोठ्या घरांत आज दोन म्हातारी माणसे आणि एक कुत्रा एवढेच उरले आहेत. माणसांपैकी एक जाते, दुसरे मुलांकडे हलते, घराला कुलूप लागते. कुलपाबाहेर कोण राहतो, ते शेजाऱ्यांना विचारावे.

पिल्लू नको म्हणणे सोपे होते आणि कुत्रे नकोच म्हणणे त्याहून सोपे. आम्ही तिसरी वाट धरली. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मांद्र्याच्या किनाऱ्यावरून हंगामानंतर मागे राहिलेली एक काळी कुत्री घरी आणली. दात पाहून पशुवैद्यांनी तिचे वय सात-आठ सांगितले. शस्त्रक्रिया झालेली होती. लस, जंताचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त आम्ही केला. पिल्लाला जे शिकवावे लागते ते तिला आधीच येत होते. फक्त जून लागला तशी ती फाटकाकडे तोंड करून बसू लागली. आपण पुन्हा मागे राहणार, असे तिला वाटत असावे. जुलैत केव्हातरी तिने तोंड घराकडे वळविले.

वहीच्या शेवटच्या पानावर एक मजकूर लिहून आम्ही त्याखाली साखळीतील पुतण्याची सही घेतली आहे. आमच्या मागे ती त्याच्याकडे जाईल. तिची लस कोणत्या महिन्यात, ती काय खाते, काय खात नाही, मेघगर्जना झाली की तिला कुठे बसू द्यावे, हे क्रमवार दिले आहे. खर्चापोटी एक छोटी रक्कम बाजूला ठेवली आहे. जमिनीचे मृत्युपत्र करताना आम्ही एवढा विचार केला नव्हता. ज्यांच्या घरी पायरीवर असा एखादा जीव आहे, त्यांनी आपल्या वहीतही हे पान घालावे, एवढेच सुचवायचे आहे.