दारू ओतायची, गॅस ठेवायचा

सलाईनचा सेट मागितला तेव्हा मेडिकलवाल्याने पेशंट कोण, असं विचारलं. मी ‘मासे’ म्हणालो. त्याने काही न बोलता सेट काउंटरवर ठेवला. संध्याकाळी दुकान बंद करताना घरी सांगायला त्याला एक गोष्ट मिळाली असणार.

नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी आहे, पन्नास-पंचावन्न लिटरची. मासे नावाला, मला नाद पाण्यातल्या झाडांचा. जपानच्या ताकाशी अमानोंच्या टाक्यांचे फोटो पाहिल्यापासून हे लागलं. पाण्याखाली हिरवीगार कुरणं आणि पानापानावर ऑक्सिजनचे मोती. माझ्या टाकीत मात्र रोटाला नावाचं झाड खालून कुजत होतं आणि पानांच्या कडांवर काळं केसाळ शेवाळ चढत होतं. लाइट वाढवला, शेवाळ वाढलं. खत टाकलं, शेवाळाने तेही खाल्लं.

गोम कार्बनची होती. नुसत्या हवेच्या संगतीने पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड मुरतो. झाडांना भरघोस वाढायला वीस-तीस लागतो. त्यात हा गॅस पाण्यात पसरतो तोही हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. म्हणजे ताट रिकामं आणि वाढपी लंगडा. दुकानात सिलिंडर, रेग्युलेटर मिळून जो आकडा सांगितला, त्यात माझी टाकी माशांसकट चारदा आली असती.

उपाय सुचवला तो दिंडोरीकडे वाइनरीत नोकरीला असलेल्या मित्राने. तो म्हणाला, ‘‘अरे, आमच्याकडे जानेवारी ते मार्च रोज हा गॅस आम्ही हवेत सोडतो. टाकीच्या खोलीत तो खाली साचून राहतो, म्हणून तपासल्याशिवाय आत वाकायचीसुद्धा बंदी. यीस्ट साखर खातं, दारू आणि गॅस देतं. आम्ही दारू ठेवतो. तू गॅस ठेव.’’

कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घेतली. साध्या पाण्याची बाटली चालत नाही, ती दाबाने फुगते. कोल्ड्रिंकची मुळात गॅस धरायलाच केलेली असते. झाकणाला तापलेल्या दाभणाने नळीपेक्षा जरा बारीक भोक पाडलं. खरी कसोटी इथेच आहे. नळीचं टोक तिरकं कापायचं, सुईसारखं, ते भोकातून आत घालायचं आणि पलीकडून पकडीने ओढायचं. नळी ताणून बारीक होते, सरकते आणि सोडली की फुगून भोकात घट्ट बसते. मी पहिल्यांदा मोठं भोक पाडून वर एम-सील थापलं होतं. ते दोन दिवसांत सुटलं, कारण झाकणाच्या प्लॅस्टिकला ते मनापासून चिकटतच नाही. पंक्चरवाल्यासारखा साबणाचा फेस लावून पाहिला, तर झाकणाभोवती बुडबुड्यांची जत्रा.

आत दीड लिटर कोमट पाणी, एक मोठी वाटी म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम साखर, पाव चमचा बेकरीचं यीस्ट आणि चिमूटभर खायचा सोडा. मध्ये सलाईनच्या सेटची ती पारदर्शक कुपी, तळाशी थोडं पाणी घालून. गॅस त्यातून जाताना बुडबुडे मोजता येतात. पुढे वीस रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर बाटली निवली की टाकीचं पाणी उलटं चढतं. टोकाला चिनी मातीची बारीक चकती, जिच्यातून धुक्यासारखे कण निघतात. सगळा खर्च दीडशेच्या आत.

रात्री बाटली लावली. सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘‘अरे, घरात दारू गाळतोयस की काय?’’ वास खरंच तसाच होता. मी कुपीत पाहिलं. दोन सेकंदांना एक बुडबुडा, घड्याळासारखा. तिसऱ्या दिवशी दुपारी रोटालाच्या शेंड्यांवर चांदीचे ठिपके दिसले, मग एकेक सुटून वर गेला. आईला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, बघितलं आणि म्हणाली, ‘‘हं. पण वास?’’

वासावर उपाय निघाला. संकटं निराळ्या दारांनी आली. एकदा बाटली गळ्यापर्यंत भरली. फेस नळीतून चढला, कुपी ओलांडून थेट टाकीत. पाणी ताकासारखं पांढरं. अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, दोन दिवस पंप चालू ठेवला, तेव्हा निवळलं. तेव्हापासून मध्ये एक छोटी रिकामी बाटली असते, फेस तिच्यात अडकतो.

दुसरं संकट मे महिन्यात. उन्हाळ्यात यीस्टला उधाण येतं आणि त्याला बंद करायचं बटण नसतं. दिवे मालवले की झाडं गॅस घेत नाहीत, उलट तीही सोडायला लागतात. बाटली मात्र रात्रभर चालूच. पहाटे उठलो तर सगळ्या गप्पी पाण्याच्या वर तोंडं आणून धापा टाकत होत्या. दोन मेल्या होत्या. चूक पूर्ण माझी. आता दिवे गेले की हवेचा पंप लागतो, त्याला टायमर आहे.

हिवाळ्यात याच्या उलट. निफाडचा पारा उतरल्याची बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि माझी बाटली गप्प बसते. मिनिटाला चार बुडबुडे. पहिल्या वर्षी वाटलं यीस्ट मेलं. ओतून नवं लावलं, तेही गप्प. मग बाटली फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवली, जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून. दुपारपर्यंत रांगेत आली.

काहींनी यीस्ट सोडून सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याची दोन बाटल्यांची पद्धत धरली आहे. किराणावाला त्याला लिंबूसत्त्व म्हणतो. त्यात थंडी-ऊन बाधत नाही, गॅस व्हॉल्व्हने हवा तेव्हा थांबवता येतो. डोकं लावून पाहिलं तर तीच शहाणपणाची. मीही एकदा लावली, चालली उत्तम. पण पुन्हा यीस्टवर आलो. का, ते नीट सांगता येणार नाही. बाटलीत काहीतरी जिवंत आहे, ते थंडीत कुडकुडतं, हे मला आवडतं, एवढंच.

दोनशे ग्रॅम साखरेतून साधारण पन्नास लिटर गॅस निघतो, दोन-अडीच आठवडे पुरतो. त्यातला निम्म्याहून जास्त माझ्या चकतीतून वर निसटत असेल. पुढे दारू वाढत जाऊन यीस्ट तिच्यातच बुडून मरतं. दर तिसऱ्या रविवारी ते आंबट, गढूळ पाणी मी मोरीत ओततो. मित्र एकदा हजर होता. त्याने वास घेतला आणि म्हणाला, ‘‘अजून आठ दिवस ठेवली असतीस तर चढली असती.’’

काल रात्री गारठा पडला. मी झोपायला गेलो तर फ्रिजमागे स्वेटरवर आईची जुनी शाल गुंडाळलेली होती.