तेरावा गज

साडेअडुसष्ट इंच. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागच्या डेकवर दोन खांबांच्या मधे एवढी मोकळी जागा होती. 2007च्या एप्रिलमध्ये मी त्या जागेत बारा गज बसवले आणि शेजारच्या आजोबांनी ते बाराच्या बारा मला काढायला लावले.

डेक म्हणजे घराच्या मागच्या दाराबाहेरचा लाकडी ओटा. आमच्या मागच्या जमिनीला उतार, त्यामुळे तो जमिनीपासून चार फूट वर. तिथल्या नियमाप्रमाणे ओटा तीस इंचांपेक्षा उंच असला की कठडा घालावाच लागतो, आणि तोही निदान छत्तीस इंच उंच. कठड्याच्या वरच्या आणि खालच्या आडव्या दांडीमध्ये जे उभे गज बसवतात, त्यांच्यामधून चार इंच व्यासाचा चेंडू आरपार जाता कामा नये. जुना कठडा कुजला होता. मुलगी दहा महिन्यांची, रांगत दारापर्यंत यायला लागली होती. सुतार लावण्याइतके पैसे हातात नव्हते, म्हणून परवाना काढून मी स्वतःच कामाला लागलो.

माझे वडील चिपळूणचे सुतार. घरात रंधा, पटाशी, गिरमिट, गुण्या सगळं होतं. पण आप्पांनी मला त्यातल्या कशालाही हात लावू दिला नाही. "तू पुस्तकाला हात लाव," एवढंच म्हणायचे. मी इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, आणि पस्तिसाव्या वर्षी करवत कशी धरायची हे सुतारांच्या युनियनमधून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याकडून शिकलो. त्यांचे वडील इटलीहून आलेले. ते स्वतः आयुष्यभर घरबांधणीतच सुतारकाम करत होते. आमच्या घरात त्यांना सगळे आजोबा म्हणत. मुलीने हाक मारली की ते तो शब्द तिच्याच उच्चारात परत म्हणून दाखवायचे.

माझा हिशोब नियमात बसणारा होता. गजाची जाडी दीड इंच. बारा गजांचे अठरा इंच वजा केले की उरतात साडेपन्नास. बारा गजांमुळे फटी होतात तेरा. साडेपन्नास भागिले तेरा, म्हणजे प्रत्येक फट साधारण तीन इंच सात सूत. चारच्या आत. कठड्याचे भाग सहा, म्हणून मी मोजून बहात्तर गज आणले होते.

पहिला भाग पूर्ण झाला तेव्हा आजोबा कुंपणाशी उभे होते. काही न बोलता घरात गेले आणि एक लाकडी चेंडू घेऊन आले. कातलेला, बरोबर चार इंचांचा, हाताळून काळपट झालेला. त्यांनी तो दोन गजांच्या मधोमध, जिथे गज सर्वांत जास्त लवतो तिथे ठेवला आणि तळहाताने दाबला. गज थोडे फाकले. चेंडू पलीकडे गवतात पडला.

मी म्हणालो, तपासणीला येणारा माणूस एवढा जोर लावणार नाही. ते म्हणाले, "तो नाही लावणार. ती लावेल." आणि दारातल्या जाळीला नाक लावून बसलेल्या माझ्या मुलीकडे बोट दाखवलं.

मग त्यांनी मला पायरीवर बसवून समजावलं. लहान मूल फटीत आधी पाय घालतं, मग अंग सरकवतं. अंग जातं, डोकं अडकतं आणि पाय खाली लोंबकळत राहतात. चार इंच आले ते या डोक्याच्या मापावरून. शिवाय मी आणलेलं लाकूड दुकानातून ओलं आलेलं, कीड-वाळवी लागू नये म्हणून औषध दाबून भरलेलं. उन्हाळ्यात ते वाळणार, गज बारीक होणार, थोडे पिळणार. आज तीन इंच सात सूत असलेली फट ऑगस्टमध्ये तेवढीच राहणार नाही. नियमात लिहिलेला आकडा ही शेवटची हद्द असते, तिथपर्यंत जायचं नसतं, हे त्यांनी त्या दिवशी दोनदा सांगितलं.

बाराऐवजी तेरा गज घ्यायचे. तेरा गजांचे साडेएकोणीस इंच, उरले एकोणपन्नास, फटी चौदा. प्रत्येक फट बरोबर साडेतीन इंच. आणि साडेतीन इंच म्हणजे ज्याला तिकडे टू-बाय-फोर म्हणतात त्या फळीची खरी रुंदी. म्हणजे टेप बाजूला ठेवायची, फळीचा तुकडा मधे धरायचा, गज त्याला टेकवायचा, लेव्हल बघायची, भोक पाडायचं, स्क्रू मारायचा, तुकडा पुढे सरकवायचा. मला सहा भागांसाठी फक्त सहा गज कमी पडत होते.

ते सहा गज आणायला तेच माझ्याबरोबर आले. दुकानात त्यांनी माझे स्क्रूही बदलले. 2004पासून तिकडे घरगुती लाकडातलं आर्सेनिकचं औषध बंद होऊन तांब्याचं आलं. हे तांबं साध्या स्क्रूला खातं, म्हणून जाड जस्ताचा मुलामा असलेले किंवा स्टेनलेसचे स्क्रू लागतात. गज न फाटता धरावा म्हणून टोकाजवळ आधी भोक पाडायचं. कापलेल्या प्रत्येक टोकाला हिरवट औषधाचा हात फिरवायचा, कारण दाबून भरलेलं औषध आतपर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ते पुढचे चार शनिवार आले. स्क्रू मात्र एकही त्यांनी मारला नाही. ते शेजारी बसून बघायचे आणि चुकलं की "काढ" म्हणायचे.

सर्वांत जास्त वेळा "काढ" ऐकलं ते जिन्यावर. जिन्याचा कठडा तिरका असतो, गज मात्र ओळंब्यात उभे राहायला हवेत. मी तोच साडेतीन इंचांचा तुकडा तिरक्या दांडीवर आडवा ठेवून गज लावत गेलो. दिसायला छान दिसलं, पण फटी फारच अरुंद झाल्या आणि आणलेले गज पुरेनात. फटीचं माप उतारावर घ्यायचं नसतं, जमिनीला समांतर घ्यायचं असतं. आमच्या पायऱ्या साडेसात इंच उंच आणि दहा इंच रुंद होत्या. त्या उतारावर साडेतीन इंचांची फट दांडीवर चार इंच तीन सूत भरते. आजोबांनी हलत्या पात्याच्या गुण्याने कोन उचलला, त्या कोनात दोन्ही टोकं कापलेला तेवढा तुकडा करून दिला आणि म्हणाले, आता मोजू नकोस. तो तुकडा अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा मला त्यांच्या मागच्या अंगणात घेऊन गेले. त्यांच्या स्वतःच्या डेकचा कठडा मी रोज पाहत होतो आणि तो मला विद्रूप वाटायचा. एक गज जुना करडा, एक नवा पिवळट, पुन्हा जुना, पुन्हा नवा, आणि सगळे दाटीवाटीने. त्यांनी तो बांधला तेव्हा सहा इंचांची फट चालत असे. तसे कठडे त्यांनी उमेदीच्या काळात किती घरांना घातले याचा त्यांनाच हिशोब नव्हता. पुढे नियम बदलला, नात झाली, आणि त्यांनी एका आठवड्यात प्रत्येक फटीत एकेक गज घातला. "बाकीच्या घरांची दारं मी वाजवू शकलो नाही," ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्यासमोर पैशाचा विषय काढला नाही.

2011च्या उन्हाळ्यात आप्पा आमच्याकडे आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आजोबांना मराठी येणं शक्यच नव्हतं. आप्पांनी खिशातून टेप काढली. ती चिपळूणहून आणली होती. फट मोजली. "साडेतीनला एक सूत वर," ते म्हणाले. लाकूड वाळलं होतं. आजोबांनी स्वतःची टेप लावली आणि साडेतीननंतरच्या रेघेवर नख ठेवलं. इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे सुतार त्याला सूत म्हणतात, आणि दोघांच्याही टेपवर ती रेघ त्याच जागी होती. मग आप्पांनी दोरीला वजन बांधून जिन्यावरचे गज एकेक करून पाहिले. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओळंब्यात आहेत." त्यांच्या तोंडून माझ्या हातच्या कामाबद्दल ऐकलेले हे एकमेव शब्द. ते मला आजोबांमुळे मिळाले.

सूत हा शब्द आजोबांनी उचलला. पुढे त्यांची नजर अधू झाली, तेव्हा ते टेप धरून मला कुंपणावरून हाक मारायचे आणि विचारायचे, "किती सूत?" मी जाऊन वाचून दाखवायचो. एवढीच सेवा माझ्या हातून झाली.

2016च्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या मुलीने तो लाकडी चेंडू आणून माझ्या मुलीच्या हातात दिला.

2019च्या मे महिन्यात मी तो सामानात घालून चिपळूणला नेला. आमच्या घराच्या माडीचा कठडा आप्पांनी घातलेला, सागाचा, अतिशय देखणा. भावाची नात तेव्हा वर्षाची होती. मी चेंडू फटीपाशी धरला. दाबावं लागलं नाही, तो सरळ खाली अंगणात गेला. आप्पा आरामखुर्चीतून बघत होते. त्यांनी भावाला हाक मारली आणि आपली पेटी आणायला सांगितली. चार दिवसांत प्रत्येक फटीत एकेक गज बसला. मापं आप्पांनी घेतली, भोकं मी पाडली.

गॅलरीच्या, गच्चीच्या, जिन्याच्या कठड्याची फट आज एकदा मोजा. चार इंच किंवा त्याहून जास्त असेल, तर मधे एक गज घाला.